गॅस कंपन्यांचं मर्जर: ग्राहकाने फाईल कशी वाचायची, कुठे आणि काय बोलायचं

बातमी येते ती अशी की अमुक गॅस कंपनी तमुक कंपनीसोबत एक होणार, मग दोन दिवस शेअरच्या भावाची चर्चा होते आणि विषय संपतो. पण ज्याच्या शेडमध्ये आर्गॉनचा ड्युरा (लिक्विड गॅसचा मोठा सिलिंडर) उभाय, ज्याच्या हॉस्पिटलच्या मागे लिक्विड ऑक्सिजनचा टँक आहे, ज्याची फाउंड्री किंवा लेझर कटिंग नायट्रोजनवर चालते, त्याचा प्रश्न वेगळाच असतो, उद्या मला कोटेशन द्यायला कोण उरणार? हा लेख त्या माणसासाठी. परचेस बघणारे, छोट्या युनिटचे मालक, हॉस्पिटलचे स्टोअरवाले, आणि ज्यांना स्पर्धा आयोग नक्की करतो काय हे समजून घ्यायचंय ते सगळे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. "देशात यांचा एकूण वाटा किती टक्के" या आकड्यावरून तुमच्यापुरतं जवळपास काहीच कळत नाही. तुमच्या गेटपर्यंत परवडणाऱ्या भाड्यात कोणाकोणाचा टँकर येऊ शकतो, मर्जरनंतर त्यातलं कुठलं नाव गळतं आणि त्या नावाच्या जागी कोण येतो, हे तीन प्रश्न धरून बसायचं. आयोगसुद्धा शेवटी इथेच येतो, फक्त त्याची भाषा वकिली असते.

उदाहरण म्हणून पूर्ण लेखात एकच केस घेतोय, लिंडे आणि प्रॅक्सएअर, कारण या धंद्यातलं हे सगळ्यात मोठं मर्जर आणि त्यात भारताच्या आयोगाने नुसता शिक्का मारला नाही, प्लांट विकायला लावले.

पायरी १: केसची कुंडली काढा, तारखांसकट

लिंडे म्युनिकची जर्मन कंपनी, प्रॅक्सएअर अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधल्या डॅनबरीची. २०१६ च्या ऑगस्टमध्ये बोलणी सुरू असल्याचं बाहेर आलं, सप्टेंबरमध्ये फिसकटली, डिसेंबरमध्ये परत जुळली, आणि १ जून २०१७ ला करार झाला. वरती नवीन लिंडे पीएलसी, आयर्लंडमध्ये नोंदलेली, आणि प्रॅक्सएअरचे स्टीव्ह एंजल तिचे पहिले सीईओ. तोपर्यंत जगात या धंद्यात चार मोठी नावं होती, एअर लिक्विड, लिंडे, प्रॅक्सएअर आणि एअर प्रॉडक्ट्स. चाराची तीन होणार म्हटल्यावर सगळीकडचे रेग्युलेटर जागे झाले.

युरोपियन कमिशनने १६ फेब्रुवारी २०१८ ला सखोल चौकशी उघडली आणि २० ऑगस्ट २०१८ ला अटींवर मंजुरी दिली. भारताच्या आयोगाकडे, म्हणजे सीसीआयकडे, अर्ज जानेवारी २०१८ चा आणि सशर्त मंजुरी ६ सप्टेंबर २०१८ ची. चीनची ३० सप्टेंबरला. अमेरिकेच्या एफटीसीची (तिथला स्पर्धा नियामक) सगळ्यात शेवटी, २२ ऑक्टोबर २०१८. आता यात मजा अशी की जर्मन टेकओव्हर कायद्यामुळे सगळ्या मंजुऱ्या २४ ऑक्टोबरच्या आत हातात पडणं भाग होतं, नाहीतर सगळा डावच मोडला असता, म्हणजे अमेरिकेची सही आली तेव्हा दोन दिवस उरले होते. ३१ ऑक्टोबरला दोघी एक झाल्या.

या तारखा मी उगाच देत नाहीये. कुठल्याही मर्जरमध्ये कंपन्यांची शेवटची तारीख कोणती हे आधी शोधा, कारण तारीख जवळ आली की त्या अटी मान्य करायला तयार होतात आणि ग्राहकाने दिलेल्या ठोस माहितीचं वजन त्या काळात सगळ्यात जास्त असतं. लिस्टेड कंपनी असेल तर ती तारीख एक्स्चेंजला दिलेल्या कागदात मिळते.

पायरी २: आपण कुठल्या खिडकीतून गॅस घेतो ते ठरवा

एकच ऑक्सिजन, पण विकायच्या तऱ्हा तीन, आणि आयोग या तिन्हीला वेगवेगळी बाजारपेठ धरतो.

पहिली ऑनसाईट किंवा टनेज. स्टील प्लांट, रिफायनरी यांच्या कुंपणाला लागून गॅस कंपनी स्वतःचा एअर सेपरेशन प्लांट (हवेतून गॅस वेगळे करणारा) टाकते आणि पाईपने गॅस देते. करार पंधरा-वीस वर्षांचे, टेक ऑर पे, म्हणजे उचला नाहीतर न उचलता पैसे भरा.

दुसरी बल्क. लिक्विड टँकरने येतं, तुमच्या आवारातल्या टँकमध्ये भरतात. टँक बहुतेक वेळा सप्लायरचाच असतो, तुम्ही भाडं भरता. सप्लायर बदलायचा म्हणजे टँक काढा, नवीन बसवा, फाउंडेशन बघा, पेसोचं लायसन्स बघा, दोन महिने डोकेदुखी. म्हणून कागदावर चार पर्याय असले तरी माणूस हलत नाही, आणि ही गोष्ट आयोगाला तुम्ही सांगितल्याशिवाय नीट कळत नाही. (पेसोचं मुख्यालय आपल्या नागपूरलाच आहे, सिलिंडर आणि प्रेशर व्हेसलचे परवाने तिथल्या यंत्रणेतून येतात.)

तिसरी सिलिंडर. फिलिंग स्टेशनवाला लिक्विड आणतो, त्याचा गॅस करून भरतो. यातले पुष्कळ जण स्थानिक, स्वतःच्या नावाने विकणारे. इथे नेमकं बघायचं ते असं की तुमचा सिलिंडरवाला लिक्विड आणतो कोणाकडून? तो जर मर्जर करणाऱ्या दोघांपैकीच एकाकडून आणत असेल, तर तो कागदावर स्पर्धक असला तरी त्याची नाडी दुसऱ्याच्या हातात आहे.

आणि गॅससुद्धा वेगळे धरायचे. आर्गॉनच्या जागी नायट्रोजन चालत नाही. एफटीसीने या केसमध्ये नऊ वेगवेगळे प्रॉडक्ट धरून तपासणी केली, ऑक्सिजन, नायट्रोजन, आर्गॉन, कार्बन डायऑक्साईड, हायड्रोजन, हेलियम, स्पेशालिटी गॅस, ड्राय आईस आणि हायड्रोजन-कार्बन मोनॉक्साईड. तुम्ही तक्रार लिहिताना "इंडस्ट्रियल गॅस" असं मोघम लिहिलंत तर ते कुठल्याच कप्प्यात बसणार नाही.

पायरी ३: नकाशा काढा (या पायरीला वेळ द्या)

हवेत नायट्रोजन ७८ टक्के, ऑक्सिजन २१, आर्गॉन एक टक्क्यालाही किंचित कमी. कच्चा माल फुकट, खर्च विजेचा, कारण हवा थंड करून लिक्विड करायची आणि मग वेगळी करायची, ऑक्सिजन उणे १८३ डिग्रीला उकळतो, आर्गॉन उणे १८६, नायट्रोजन उणे १९६. हे लिक्विड घेऊन जाणारा टँकर म्हणजे चाकांवरचा महागडा थर्मास, आणि आत माल स्वस्त. त्यामुळे थोडं अंतर वाढलं की भाडं मालाला खाऊन टाकतं. अमेरिकेत एफटीसी ऑक्सिजन-नायट्रोजनसाठी प्लांटपासून साधारण दीडशे ते अडीचशे मैलांचा घेर धरत आलीय. आर्गॉन महाग आणि कमी ठिकाणी निघतो, तो जास्त लांब जातो. हेलियम तर वेगळाच प्रकार, तो हवेतून काढत नाहीत, नैसर्गिक वायूतून येतो, कतार, अमेरिका, अल्जेरिया अशा मोजक्या ठिकाणांहून, त्यामुळे त्याचा बाजार जगभराचा. २०१७ च्या जूनमध्ये कतारची शेजाऱ्यांनी नाकेबंदी केली तेव्हा एमआरआय मशीनवाल्यांना भूगोल कळला होता. कार्बन डायऑक्साईडचा उगम आणखी निराळा, खत कारखाने, डिस्टिलऱ्या, म्हणजे आपल्याकडे साखर कारखान्यांच्या पट्ट्यात त्याचा नकाशा ऑक्सिजनच्या नकाशासारखा दिसणारच नाही.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर २०२१ चा एप्रिल आठवा. देशात ऑक्सिजन होता, पण तो पूर्वेला स्टील प्लांटांपाशी आणि पेशंट इकडे. १९ एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला पाठवले, पहिली भरलेली ऑक्सिजन एक्स्प्रेस २३ तारखेला नागपूरला आली, मग नाशिक. आणीबाणीत सरकार रेल्वे लावतं, रोजच्या धंद्यात विशाखापट्टणमचा ऑक्सिजन नाशिकच्या फॅब्रिकेटरला पर्याय नसतो. "देशात एवढी क्षमता आहे" या वाक्याचा ग्राहकाला काय उपयोग, ते त्या महिन्यात सगळ्यांनी पाहिलं.

तर करायचं काय, कागद घ्या आणि तुमचं गाव मध्ये ठेवा. आजूबाजूला लिक्विड काढणारे प्लांट कुठले ते लिहा, कोणाच्या मालकीचे, त्यात स्टील प्लांटच्या आतले ऑनसाईट प्लांटसुद्धा धरा कारण ते पाईपने देऊन उरलेलं लिक्विड बाहेर टँकरने विकतात. मग प्रत्येकाकडून तुम्हाला गेल्या दोन-तीन वर्षांत खरंच कोटेशन आलं का, आलं तर रेट काय, भाडं वेगळं लावलं का, आणि मागूनही कोणी दिलं नाही का. ही शेवटची माहिती सोन्यासारखी आहे, बहुतेक लोक ती फेकून देतात. "आम्ही मागितलं, त्यांनी तुमच्या भागात देत नाही म्हणून कळवलं" असा एक मेल शंभर टक्केवाऱ्यांपेक्षा जास्त सांगतो.

राज्याच्या सीमा किंवा पूर्व-दक्षिण असे विभाग नकाशावर आखलेले असले तरी टँकर रस्ता बघतो. बेल्लारीजवळ तोरणगल्लूला जेएसडब्ल्यूचा मोठा स्टील कारखाना आहे, कागदावर तो "दक्षिण", पण होस्पेट-हुबळी-बेळगाव रस्त्याने कोल्हापूर-सांगलीच्या फाउंड्री पट्ट्याला तो मराठवाड्याच्या दुसऱ्या टोकापेक्षा जवळचा पडू शकतो. म्हणून "दक्षिणेतली अट आपल्याला काय करायची" असं म्हणून फाईल बंद करू नका.

पायरी ४: हे मर्जर आयोगाकडे जाणारच आहे का, ते बघा

भारतात मर्जरची तपासणी १ जून २०११ पासून चालू आहे. सगळी मर्जर आयोगाकडे जात नाहीत, मोठ्यांनाच जावं लागतं. मार्च २०२४ पासूनचा हिशोब असा की दोन्ही पक्षांची मिळून भारतातली मालमत्ता २,५०० कोटींच्या वर किंवा उलाढाल ७,५०० कोटींच्या वर असेल तर अर्ज करायचा, ग्रुपसाठी आणि परदेशी धंद्यासाठी आकडे वेगळे आहेत. १० सप्टेंबर २०२४ पासून आणखी एक नियम आला, व्यवहाराची किंमत २,००० कोटींच्या वर आणि ज्याला विकत घेतलं जातंय त्याचा भारतात बऱ्यापैकी धंदा असेल तर अर्ज हवाच. उलट बाजूने सूटही आहे, ज्याला विकत घेतायत त्याची भारतातली मालमत्ता ४५० कोटींच्या आत किंवा उलाढाल १,२५० कोटींच्या आत असेल तर सहसा अर्ज लागत नाही, मात्र वरचा किंमतीचा नियम लागू झाला तर ही सूट मिळत नाही.

इथे एक कडू गोष्ट. मोठ्या कंपनीने तुमच्या जिल्ह्यातला एकुलता एक स्वतंत्र रिफिलर विकत घेतला तर तुमच्या दृष्टीने स्पर्धा संपली, पण तो व्यवहार या सुटीत बसतो आणि आयोगाच्या टेबलावर येतच नाही. तिथे मर्जरचा रस्ता धरू नका. नंतर रेटमध्ये दादागिरी झाली तर स्पर्धा कायद्याचं कलम ४, दोघा-तिघांनी मिळून रेट किंवा एरिया वाटून घेतला असं वाटलं तर कलम ३, ते रस्ते वेगळे.

पायरी ५: फाईल वाचा, रिकाम्या जागांसकट

अर्ज आला की आयोगाच्या वेबसाईटवर त्याचा छोटा सारांश पडतो, पक्ष कोण, धंदा कुठला, कुठे एकमेकांवर चढतो. तो दोन परिच्छेदांचा असला तरी वाचा, कारण कंपन्यांनी स्वतःची बाजारपेठ कशी आखलीय ते तिथे दिसतं. सहसा त्या ती मोठी आखतात, "संपूर्ण भारत", "सर्व प्रकारचे पुरवठे", म्हणजे टक्केवारी आपोआप बारीक दिसते. तुमचा नकाशा शेजारी ठेवून बघा.

अर्ज दोन प्रकारचे, साधा फॉर्म एक आणि लांबलचक फॉर्म दोन. एकाच पातळीवर स्पर्धा करणाऱ्या दोघांचा मिळून वाटा १५ टक्क्यांच्या वर जात असेल तर फॉर्म दोन अपेक्षित असतो. दोघांचा धंदा कुठेच एकमेकांवर चढत नसेल तर ग्रीन चॅनल आहे, अर्ज केला की मंजूर समजायचं. गॅसच्या धंद्यातल्या मोठ्या मर्जरने ग्रीन चॅनल वापरला तर भुवया उंचावायला हरकत नाही.

आदेश वाचताना वाटे चौकटी कंसात रेंजने दिलेले असतात, वीस ते पंचवीस, पंचवीस ते तीस असे, आणि काही ठिकाणी नुसत्या चांदण्या. गोपनीयतेमुळे. तरी त्यातूनही हिशोब करता येतो. बाजार किती मोजक्या हातांत आहे हे दाखवणारा एचएचआय नावाचा एक सोपा आकडा आहे, प्रत्येकाच्या वाट्याचा वर्ग करायचा आणि बेरीज. समजा तुमच्या घेरात चौघे आहेत, ३०, २५, २५ आणि २०. वर्ग ९००, ६२५, ६२५, ४००, बेरीज २,५५०. आता ३० आणि २५ वाले एक झाले, ५५ चा वर्ग ३,०२५, त्यात ६२५ आणि ४०० मिळवा, ४,०५०. म्हणजे १,५०० ने उडी. शॉर्टकट असा की दोघांच्या वाट्यांचा गुणाकार करून दुप्पट करा, ३० गुणिले २५ गुणिले २, उडी तेवढीच येते. शंभर-दीडशेची वाढ असेल तर कोणी फार लक्ष देत नाही, हजाराच्या वर गेली की आयोग खुर्चीत पुढे सरकून बसतो.

एक आणखी शोधायचं ते म्हणजे लपलेली नाती. या धंद्यात स्पर्धक एकमेकांचा गॅस उचलतात, म्हणजे माझा प्लांट तुझ्या ग्राहकाजवळ, तुझा माझ्याजवळ, चल अदलाबदल करू, भाडं वाचतं. त्याला स्वॅप म्हणतात. काटकसर म्हणून ठीकच आहे, पण त्यातून कोण कुठे किती विकतो हे एकमेकांना कळत राहतं. जॉइंट व्हेंचरही तसंच. या धंद्याचा इतिहास काही साधूंचा नाही, २००२ मध्ये युरोपियन कमिशनने नेदरलँड्समधल्या गॅस कार्टेलला अडीच कोटी युरोंहून जास्त दंड लावला होता, २०१० मध्ये ब्राझीलच्या आयोगाने प्रॅक्सएअरच्या तिथल्या व्हाईट मार्टिन्सला २.२ अब्ज रियालचा लावला, तो पुढे कोर्टात अडकला. म्हणून चाराचे तीन झाले की रेग्युलेटर नुसतं "हे दोघे रेट वाढवतील का" एवढंच विचारत नाही, उरलेल्या तिघांना एकमेकांकडे बघून गप्प बसणं सोपं होईल का, हेही विचारतो.

पायरी ६: बोला, पण मुदतीत आणि मोजकं

आयोगाला पहिलं मत बनवायला आता ३० दिवस, आणि पूर्ण प्रकरण संपवायला १५० दिवस (आधी २१० होते). बहुतेक अर्ज पहिल्या फेरीतच सुटतात. प्रथमदर्शनी स्पर्धेला धोका दिसला तर कंपन्यांना नोटीस जाते आणि प्रकरण दुसऱ्या फेरीत जातं, लिंडे-प्रॅक्सएअर तसंच गेलं. दुसऱ्या फेरीत कंपन्यांना व्यवहाराचा तपशील जाहीर करावा लागतो आणि लोकांकडून लेखी म्हणणं मागवतात, पण मुदत फार थोडी, नोटीस बघून मग वकील शोधायला निघालात तर गाडी सुटली. त्यामुळे पायरी तीनचा कागद आधीच तयार पाहिजे. जाहीर नोटिशीची वाट बघायचीही गरज नाही, पहिल्या फेरीतच आयोग ग्राहकांना आणि स्पर्धकांना पत्रं पाठवून माहिती विचारतो. असं पत्र आलं तर ते अकाउंट्सच्या ट्रेमध्ये पडू देऊ नका, मुदतीत उत्तर द्या.

काय लिहायचं? समजा एक फाउंड्री आहे, महिन्याला इतके टन लिक्विड ऑक्सिजन आणि इतके आर्गॉन घेते. पत्रात पहिल्या परिच्छेदात तेवढंच, कोण आहोत, कुठे आहोत, कुठला गॅस, कुठल्या रूपात, किती. दुसऱ्यात, गेल्या कराराच्या वेळी कोणाकोणाला विचारलं, कोणी दिलं, कोणी नाही दिलं, शेवटी कोणाला मिळालं आणि दुसऱ्या नंबरवर कोण होता. हा दुसरा नंबर अतिशय महत्त्वाचा, कारण मर्जर करणारे दोघे वारंवार पहिला-दुसरा येत असतील तर तुमचा रेट आजवर त्या दोघांच्या चढाओढीमुळे खाली राहिला होता. तिसऱ्यात सप्लायर बदलायला काय लागतं, टँक, वेळ, खर्च. चौथ्यात, काय केलं तर तुमची अडचण सुटेल. जोडीला कोटेशन आणि मेलच्या प्रती. रेटची माहिती गोपनीय ठेवा अशी विनंती त्याच पत्रात करा आणि गोपनीय भाग झाकलेली वेगळी प्रत द्या, नाहीतर तुमचा रेट समोरच्याच्या वकिलाच्या टेबलावर.

काय लिहायचं नाही? "मोठ्या कंपन्या लहानांना चिरडतात" वगैरे. खरं असेलही, पण त्यावर आदेश लिहिता येत नाही. नोकऱ्या जातील, परदेशी कंपनी आहे, हेही इथे चालत नाही. आणि तुम्ही त्या कंपन्यांचे स्पर्धक असाल तर एक भान ठेवा, दोघी एक होऊन रेट वाढवणार असतील तर तुमचा फायदाच आहे ना, मग तुम्ही का ओरडताय, हा प्रश्न आयोगाच्या मनात येतोच. लिक्विड मिळणं बंद होईल अशी भीती असेल तर ती पुराव्यासकट सांगा.

पायरी ७: अटी वाचा, खरं वाचन इथेच

साफ नकार फार क्वचित येतो. बहुतेक वेळा "हे हे विका आणि मग एक व्हा" असं होतं. काही वेळा कंपन्याच माघार घेतात, जसं १९९९ मध्ये एअर लिक्विड आणि एअर प्रॉडक्ट्स दोघांनी मिळून ब्रिटनची गॅस कंपनी बीओसी वाटून घ्यायचं ठरवलं होतं, अमेरिकेची मंजुरी मिळेना म्हणून २००० साली सोडून दिलं. ती बीओसी पुढे २००६ मध्ये लिंडेने घेतली, आणि आपल्याकडची बीओसी इंडिया ती आजची लिंडे इंडिया, मूळची १९३५ ची कोलकात्याची कंपनी.

अटींमध्ये चार गोष्टी तपासा.

पूर्ण धंदा विकलाय की तुकडे? युरोपमध्ये प्रॅक्सएअरचा जवळजवळ सगळा गॅस धंदा जपानच्या तैयो निप्पॉन सान्सोला गेला, किंमत ५ अब्ज युरो. माणसं, प्लांट, करार, टँकर, सगळं. असा चालता धंदा मिळाला की घेणारा पहिल्या दिवसापासून स्पर्धा करू शकतो. अमेरिकेत लिंडेचा बल्क धंदा मेसर आणि सीव्हीसी या जोडीने घेतला, कॅनडा, ब्राझील, कोलंबियातले भाग धरून सुमारे ३.३ अब्ज डॉलर. मेसर गॅसवालीच, सीव्हीसी पैसा लावणारी. नुसता पैसा लावणारा घेणारा असेल तर मी दोनदा विचार करीन, त्याला पाच-सात वर्षांत विकून बाहेर पडायचं असतं.

लिक्विड कुठून येणार? भारतातल्या अटी इथे शिकण्यासारख्या आहेत. दक्षिणेत लिंडे इंडियाला बेल्लारीच्या स्टील कारखान्याला पुरवणारा ऑनसाईट प्लांट आणि हैदराबाद, चेन्नईची सिलिंडर फिलिंग स्टेशनं सोडावी लागली, पूर्वेत प्रॅक्सएअर इंडियाला जमशेदपूरकडचा धंदा. आता कोणी विचारेल की सिलिंडरवाल्यांची काळजी होती तर स्टील प्लांटचा ऑनसाईट प्लांट कशाला विकायला लावला. कारण नुसतं फिलिंग स्टेशन दिलं असतं तर नवीन मालकाला लिक्विडसाठी पुन्हा लिंडेच्याच दारात जावं लागलं असतं. मोठा प्लांट दिला की पाईपचं पक्कं उत्पन्न मिळतं आणि उरलेलं लिक्विड टँकरने, सिलिंडरने विकता येतं. माझ्या मते संपूर्ण आदेशातला सगळ्यात शहाणा विचार हाच.

नाती तोडली का? बेल्लारी ऑक्सिजन नावाच्या कंपनीत लिंडे इंडियाचा अर्धा हिस्सा होता आणि दुसरी बाजू मुंबईची आयनॉक्स एअर प्रॉडक्ट्स, म्हणजे बाजारातली तगडी स्पर्धक. दोघं बाहेर भांडणार आणि आत एकाच बोर्डवर बसणार. तो हिस्सा सोडायला लावला, तो आयनॉक्सनेच घेतला. युरोपमध्येही इटलीच्या सियाड कंपनीतला प्रॅक्सएअरचा हिस्सा असाच सोडावा लागला, आणि हेलियम आणायचे करारही विकावे लागले, कारण हेलियममध्ये प्लांटपेक्षा करारालाच किंमत.

घेणारा कोण? भारतात पूर्वेचा आणि दक्षिणेचा, दोन्ही तुकडे जपानच्या एअर वॉटरने घेतले, दक्षिणेचा १,३८० कोटींना, २०१९ च्या डिसेंबरमध्ये. लक्षात घ्या, मंजुरी सप्टेंबर २०१८ ची, म्हणजे सव्वा वर्ष गेलं. घेणाऱ्याकडे गॅसचा अनुभव, पैसा आणि त्या भागात आधीपासून स्वतःचा मोठा वाटा नसणं, हे तिन्ही बघायचं. त्याच भागातल्या दुसऱ्या नंबरवाल्याला प्लांट विकला तर कागदावर अट पुरी होते, ग्राहकाच्या हाती काही लागत नाही.

पायरी ८: मंजुरीनंतर

विकायचा धंदा विकला जाईपर्यंत तो वेगळा सांभाळायचा असतो, हिशोब वेगळा, माणसं वेगळी, आणि त्यावर नजर ठेवणारा नेमलेला असतो. अमेरिकेत तर लिंडे-प्रॅक्सएअर एक झाल्यावरही तिथले मोठे तुकडे विकले जाईपर्यंत, म्हणजे मार्च २०१९ पर्यंत, दोघींना जगभर बऱ्यापैकी वेगळंच चालावं लागलं. या मधल्या काळात तुमचा सेल्सवाला अचानक फोन करून "लवकर रिन्यू करा, पाच वर्षांचा करा" म्हणू लागला तर घाई करू नका. तुमचा करार विकल्या जाणाऱ्या तुकड्यात आहे की राहणाऱ्यात, हे लेखी विचारा. उत्तर गोलमाल आलं तर आयोगाला कळवा.

एक बाजू मात्र आयोगाच्या कक्षेबाहेरची. भारतात लिंडे इंडिया ही लिस्टेड कंपनी आणि प्रॅक्सएअर इंडिया वेगळी कंपनी, दोन्ही आजही वेगळ्या, वरची आई एक. या दोघींत कुठला भाग आणि कुठला गॅस कोणाकडे हे करारात वाटून घेतल्याचा मुद्दा २०२४ मध्ये सेबीपुढे गेला, तोही छोट्या भागधारकांचं नुकसान होतं का या अंगाने. एकाच आईच्या दोन कंपन्यांनी एकमेकींशी स्पर्धा करावी असं स्पर्धा कायदा सांगत नाही, म्हणून दोघींकडून वेगवेगळी कोटेशनं आली तरी ती दोन पर्याय म्हणून मोजू नका.

तुमचा करार नवीन मालकाकडे गेला असेल तर पत्र आल्याच्या आठवड्यात हे उरकून टाका: टँकची मालकी आणि भाडं कोणाच्या नावावर, पेसोचं लायसन्स आणि टेस्ट सर्टिफिकेट बदललं का, सिलिंडरचं डिपॉझिट नवीन मालकाने लेखी मान्य केलंय का (हे हमखास राहतं), विजेच्या दराप्रमाणे रेट वाढवायचं सूत्र जुनंच आहे का, टँकर आता कुठल्या प्लांटवरून भरून येणार आणि तो प्लांट शटडाऊनला गेला तर बॅकअप कुठला. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "आम्ही बघून घेऊ" असं आलं तर बॅकअप त्याच जुन्या कंपनीचा आहे असं समजा आणि पुढच्या रिन्यूअलला तिसऱ्या कोणाचं तरी कोटेशन आत्तापासूनच मागायला लागा.